सासूबाई म्हणाल्या, "गाडी चुकवायला धावले होते का?"

मिरजकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न इंग्रजी व्याकरणाचा आहे, पण अडलंय मराठीत.

माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणायचो, रेल्वेत गार्ड होते. मिरज-कुर्डुवाडी नॅरोगेजवर. मिरजेला तेव्हा ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते, आणि अण्णांची गाडी त्यातली सगळ्यात धाकटी, अडीच फुटी. रोज रात्री ते डायरी लिहीत आणि ती इंग्रजीत लिहीत. का, तर मराठीत लिहिली तर घरचे वाचतील! आता ते नाहीत, आणि घरचेच वाचतायत. सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, शाळा चौथीपर्यंत. दुपारच्या चहानंतर मी त्यांना दोन-दोन पानं मराठी करून वाचून दाखवते. मी स्वतः बँकेत एकतीस वर्षं काढली, इंग्रजीत पत्रं लिहिली, त्यामुळे वाटलं होतं यात काय मोठं.

तर १९७८ च्या डायरीतलं हे वाक्य. तसंच्या तसं देते:

"रॅन द होल लेंथ ऑफ द प्लॅटफॉर्म विथ माय टिफिन, ओन्ली टू फाइंड द पूना ट्रेन गॉन."

मी वाचलं, "डबा घेऊन सगळा प्लॅटफॉर्म धावलो, फक्त पुण्याची गाडी गेल्याचे पाहण्यासाठी."

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. म्हणाल्या, "म्हणजे? गाडी चुकवायला धावले होते का?"

मग मी सुधारलं, "धावलो, पण गाडी गेली होती." यावर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. तो "हं" मला जास्त लागला. अर्थ पोचला होता, अण्णांचा वैताग मात्र मधल्या मध्ये गळाला.

आम्हाला शाळेत शिकवलं होतं की क्रियापदाआधी टू आला की "-ण्यासाठी" नाहीतर "-आयला" लावायचं. "टू ओपन ॲन अकाउंट", खातं उघडण्यासाठी. एकतीस वर्षं ते चाललं. इथे का चालत नाही? हा टू वेगळा आहे का?

अशीच आणखी दोन वाक्यं अडली आहेत. एक त्यांच्या मित्राबद्दल (नाव लिहीत नाही): "लेफ्ट फॉर बार्शी ऑन मंडे, नेव्हर टू रिटर्न." आणि दुसरं नव्या साहेबाबद्दल: "टू बी शुअर, ही इज ॲन ऑनेस्ट मॅन, बट ही कॅनॉट रीड अ टाइमटेबल." हे दुसरं मी "खात्री करण्यासाठी, तो प्रामाणिक माणूस आहे" असं वाचणार होते. वेळीच जीभ चावली.

गप्पिष्ट

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. अण्णांनी एवढंच लिहिलंय. बाकी मास्तर येतीलच सविस्तर सांगायला :)

खडूफळा

आलो. शाळा सुटली की इथेच येतो हे सगळ्यांना माहीत झालंय.

ताई, आधी तुमचा टू तपासू. वर्गात मी एक खोड काढतो. टूचा तुकडा उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवायचा. "टू कॅच द ट्रेन, ही रॅन." बसतं ठाकठीक. गाडी पकडण्यासाठी तो धावला. आता अण्णांचा तुकडा उचला: "ओन्ली टू फाइंड द ट्रेन गॉन, ही रॅन." कुठलाच इंग्रज हे बोलणार नाही. हेतूचा टू पुढे-मागे कुठेही बसतो. हा टू मागेच बसतो, कारण तो घडून गेलेल्या गोष्टीचा शेवट सांगतोय आणि शेवट आधी सांगता येत नाही. अजून शंका असेल तर टूच्या जागी "इन ऑर्डर टू" घालून बघा. वाक्य वेड्यासारखं दिसायला लागलं की समजायचं, हेतू नाही.

मुळात टू म्हणजे "कडे". "टू स्कूल", शाळेकडे. माणूस कुठल्या दिशेनं गेला आणि कुठे पोचला एवढं तो सांगतो, तिथे जायची त्याला इच्छा होती का याच्याशी टूला देणंघेणं नाही. इच्छा आपण गृहीत धरतो. "ही लिव्ह्ड टू बी नाइन्टी" यात कुणी नव्वद वर्षांचं होण्यासाठी जगत नाही, जगता जगता नव्वदी गाठली एवढंच. "शी केम होम टू फाइंड द डोअर ओपन" यातही दार उघडं सापडावं म्हणून ती घरी आली नव्हती. नुसता टूसुद्धा शेवट सांगू शकतो. त्याच्यापुढे "ओन्ली" आलं की त्यात फजिती येते. एवढ्या धावपळीची कमाई काय, तर एवढीच. ओन्लीचा अर्थ इथे "फक्त" असाच आहे, पण तो बघण्याला लागत नाही, पदरात पडलेल्या मापाला लागतो. तुमचं "फक्त पाहण्यासाठी" तिथे घसरलं.

स्वल्पविरामाकडे लक्ष ठेवा. "ही वेंट देअर ओन्ली टू सी हिज मदर", स्वल्पविराम नाही, म्हणजे फक्त आईला भेटायला गेला. "ही वेंट देअर, ओन्ली टू सी हिज मदर लीव्हिंग", स्वल्पविराम आहे, म्हणजे तो पोचला आणि आई निघालेली. ओन्ली तेच, टू तोच, भेटीचं मात्र पार उलटं झालं. पोरं हा स्वल्पविराम खातात आणि मी मार्क खातो.

आता गप्पिष्टांचा गणपती. त्यांनी चेष्टेत टाकला, पण ताई, तुमचं उत्तर त्यातच आहे. नीट बघा, मराठीतला "-आयला" कुठे बसलाय? "करायला गेलो" वर, म्हणजे ठरवलं होतं त्याच्यावर. आणि झालं ते साध्या भूतकाळात, "झाला मारुती". इंग्रजीत बरोब्बर उलट. ठरवलेलं साध्या भूतकाळात, "रॅन", आणि जी फजिती झाली तिच्यावर टू. दोन्ही भाषांकडे हे हत्यार आहे, फक्त मूठ वेगवेगळ्या टोकाला. तुम्ही इंग्रजीची मूठ आहे तिथेच धरून मराठीत वार करायला गेलात.

म्हणून "-ण्यासाठी" काढा आणि मराठीत फजिती कशी सांगतात ते आठवा. "कुलूप उघडायला गेलो तर किल्लीच मोडली." "जाऊन बघतो तर काय." जुन्या गोष्टींत "पाहतो तो" असायचं. या "तर" आणि "तो" मध्ये तुमचं "ओन्ली टू" सगळं मावतं.

गप्पिष्ट

मास्तर, म्हणजे मी व्याकरण बोललो होतो? घरी सांगतो.

रात्रपाळी

मी वर्तमानपत्रात उपसंपादक. "नेव्हर टू रिटर्न" वाचलं आणि अंगावर काटा आला, कारण याचं पाप आमच्या खात्यावर आहे. "ते घरातून बाहेर पडले ते कधीही न परतण्यासाठी." हे वाक्य मी स्वतः किती वेळा सोडलंय याची गणती नाही. रात्री पावणेबाराला एजन्सीची इंग्रजी कॉपी येते, बाराला पान सोडायचं असतं, हात आपोआप "-ण्यासाठी" टाइप करतो.

पण मास्तर, थोडी बाजूही मांडतो. "कधीही न परतण्यासाठी" आता मराठीत रुळलंय. वाचकाला ते टोचत नाही, निदान आम्हाला पत्रं येत नाहीत. आणि मला वाटतं ते रुळण्याला कारण आहे. पुरात वाहून गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना त्या "-ण्यासाठी" मध्ये नशिबाचा हेतू दिसतो, जणू कुणी वर बसून हे आखलं होतं. म्हणून मृत्यूच्या बातमीत ते खपतं. तेच डब्यावर आणि गाडीवर लावलं की हसू येतं, कारण अण्णांची पुण्याची गाडी चुकवण्यात नशिबाला काही रस असेल असं वाटत नाही.

तेव्हा सगळ्या "-ण्यासाठी" ला फाशी देऊ नका.

खडूफळा

रात्रपाळी, नशिबाचा मुद्दा आवडला, आणि तरी पटला नाही. "गेला तो गेलाच." तीन शब्द. नशीब, हेतू, सगळं आलं आणि पानावर जागाही वाचली. तुम्हालाच जागेची ओढाताण असते ना?

ताई, तुमच्या दुसऱ्या वाक्यात मला एक गंमत दिसली. "लेफ्ट फॉर बार्शी ऑन मंडे, नेव्हर टू रिटर्न." हा टू पुढचं ठाऊक असलेल्या माणसाचा आहे. मित्र सोमवारी गेला आणि अण्णांनी सोमवारी रात्री डायरी लिहिली, तर तो परतणार नाही हे त्यांना कसं कळलं? ते शेवटचे तीन शब्द नंतर कधीतरी लिहिलेले असणार. डायरी जवळ असेल तर शाई बघा बरं.

अवांतर: या टूवरून आठवलं. दहावीला आम्ही एक प्रकार घोटून घेतो, दोन ओवाला टू काढून वाक्य बदला. "ही इज टू टायर्ड टू ईट." पहिला टू दोन ओंचा, दुसरा एका ओचा. (देवनागरीत दोघं जुळे भाऊ दिसतात, त्याला माझा इलाज नाही.) तिथे "सो" घालायचं, "दॅट" घालायचं आणि "कॅनॉट" आणायचं, कारण त्या जोडीच्या पोटात नकार दडलेला असतो. इतका दमलाय की जेववत नाही. पोरं हे यंत्रासारखं करतात. एकदा मी फळ्यावर लिहिलं, "आय ॲम ओन्ली टू ग्लॅड टू हेल्प यू." अख्ख्या वर्गानं बदलून दिलं, मला इतका आनंद झालाय की मी तुम्हाला मदत करू शकत नाही! खरा अर्थ, मदत करायला मला आनंदच आहे. आधी ओन्ली आलं की दोन ओंच्या टूच्या पोटातला नकार गायब होतो. बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग ओन्ली नक्की करतो काय?" मी तेव्हा घंटेकडे बघितलं होतं. आज तुमच्या अण्णांमुळे विचार केला. त्या वाक्यात ओन्ली म्हणजे "फक्त" नाहीच, तो नुसता जोर देतो, "फारच" सारखा. अण्णांच्या वाक्यात तो मापाचा आहे, इथे जोराचा. ती मुलगी आता कुठे असेल कुणास ठाऊक.

लीड्सवाली

मी इथे फिजिओथेरपिस्ट आहे, नऊ वर्षं झाली. तुमच्या धाग्यात मला माझी फजिती सांगायचीच आहे.

नवीन होते तेव्हाची गोष्ट. एक आजी, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, मी त्यांना चालवत होते. मध्येच म्हणाल्या, "टू हिअर माय डॉटर टॉक, यू'ड थिंक आय वॉज डाइंग." मला टू हिअर ऐकू आलं, डॉटर ऐकू आलं, डाइंग ऐकू आलं. डोक्यात शाळेतला "-ण्यासाठी" बसलेला. मला वाटलं बाईंना लेकीचा आवाज ऐकायचाय, जीव घाबरा झालाय. त्यांना खुर्चीत बसवलं आणि वॉर्डात फोन आणायला धावले. परत येते तर आजी आरामात चहा पितायत.

त्यांना म्हणायचं होतं, लेकीचं बोलणं ऐकाल तर वाटेल मी आता चालले वर. म्हणजे मी ठणठणीत आहे, लेकच उगाच बाऊ करते. या टूत हेतूही नाही आणि मास्तरांचा शेवटही नाही. हा टू आधी एक देखावा उभा करतो. खरं काय ते वाक्यात कुठेच लिहिलेलं नसतं, ते उलट आहे हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. आणि हा टू मात्र वाक्याच्या तोंडाशीच बसतो, तुमच्या खोडीच्या उलट. तसंच दुसरं, "टू लुक ॲट हिम, यू'ड नेव्हर थिंक ही वॉज एटी." याचं मराठी मला लगेच सुचतं, कारण माझी आजी शेजारच्या काकांबद्दल हेच म्हणायची: बघून वाटत नाही हो ऐंशीचे आहेत म्हणून.

तुमच्या साहेबाचं "टू बी शुअर" त्याच जातीचं, पण त्याचा अर्थ आता गोठलाय. "मान्य आहे, माणूस प्रामाणिक आहे, पण..." असं घ्या. ते ऐकलं की पुढे बट येणार हे धरून चालायचं. इथे बोलण्यात ते फार कानावर पडत नाही, जरा पुस्तकी वाटतं. लीड्समध्ये त्याच कामाला "टू बी फेअर" वापरतात, आणि इतकं वापरतात की माझा सात वर्षांचा मुलगा भाजी नको असली की म्हणतो, "टू बी फेअर, आई, ती हिरवी आहे."

खडूफळा

लीड्सवाली, तुमच्या आजींचा टू मी उद्या फळ्यावर लिहिणार आहे. माझी खोड तिथे उलटी पडते हे कबूल. नियम असा सुधारतो: तोंडाशी बसणारा प्रत्येक टू हेतूचा नसतो, पण शेवट सांगणारा टू तोंडाशी कधी बसत नाही.

आणि अजून एक, मराठीतही आपण हे करतोच. "तसं बघायला गेलं तर" असं म्हणतो तेव्हा कुणी कुठे बघायला गेलेलं असतं? पुढे काहीतरी आडवं येणार एवढीच ती सूचना. आपला "-आयला" सुद्धा गरज पडली की हेतू सोडून देतो.

रात्रपाळी

काल रात्री एक बातमी आली, मुंबईहून गावाकडे निघालेला माणूस वाटेत गेला. "कधीही न परतण्यासाठी" टाइप केलं, मग खोडलं. "निघाला तो पोचलाच नाही" असं केलं. आमचे वरिष्ठ म्हणाले, हे फार बोलीभाषेत झालं. पुन्हा पहिलं घातलं. पण आपण खोडलं होतं हे इथे नोंदवून ठेवतो.

गप्पिष्ट

रात्रपाळी, बदलायला गेलात भाषा आणि झाली बदली, असं होऊ देऊ नका.

मिरजकरीण

सगळ्यांचे आभार. काल दुपारी पुन्हा वाचन झालं, त्याचा वृत्तान्त.

साहेबाचं वाक्य आधी उरकलं. "माणूस प्रामाणिक आहे हो, नाही कोण म्हणतंय, पण त्याला टाइमटेबल वाचता येत नाही." सासूबाईंनी साहेबाला लगेच ओळखलं आणि आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

मग गाडीचं: "डबा सांभाळत अख्खा प्लॅटफॉर्म धावत गेलो, बघतो तर पुण्याची गाडी गेलेली."

खळखळून हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाल्या, "आणि डब्यातलं पिठलं शर्टावर सांडलं होतं, ते नाही का लिहिलं त्यांनी? धुणारी मी, मला विचारा." पिठलं डायरीत नाही. मी पेन्सिलनं समासात लिहून ठेवलं आहे, मराठीत.

खडूफळा सर, तुमच्या सांगण्यावरून भिंग घेऊन शाई बघितली. सोमवारचं पान निळ्या-काळ्या शाईत आहे, अण्णांच्या त्या जाड निबाच्या पेनाचं. "लेफ्ट फॉर बार्शी ऑन मंडे" तेवढं त्या शाईत, पुढे पूर्णविराम. मग त्या पूर्णविरामाला शेपूट काढून स्वल्पविराम केलाय, आणि "नेव्हर टू रिटर्न" बॉलपेननं. अक्षरही जरा आडवं गेलंय. मला एकदम कसंसंच झालं. वाटलं, मित्र गेला असणार, आणि अण्णांनी कुठल्यातरी रात्री डायरी मागे चाळून ते तीन शब्द घातले असणार. रात्रपाळींचं "न परतण्यासाठी" इथे शोभेल की काय असंही मनात आलं. तरी सरांचं ऐकून वाचलं, "सोमवारी बार्शीला गेला तो गेलाच."

सासूबाई म्हणाल्या, "गेलाच तर. आपली छत्री घेऊन."

मित्राची बार्शीला बदली झाली होती म्हणे. पाऊस होता म्हणून अण्णांनी छत्री दिली, पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला. मग तिकडेच रमला, घर बांधलं, मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आली. छत्री आली नाही.

मी पुढची पानं उलटली. तीन आठवड्यांनी बॉलपेनातली नोंद आहे: "बॉट न्यू अम्ब्रेला."